एक प्रेक्षक म्हणजे किती माणसे? करमणुकीच्या वर्गणीची शंभर वर्षे

ओटीटीची वर्गणी एकाच्या नावावर, पासवर्ड चौघांकडे आणि पैसे चौघांत वाटून घेतलेले, ही व्यवस्था आज घाटंजीच्या गल्लीपासून पुण्याच्या वसतिगृहापर्यंत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. दर वाढले की चौघांचे पाच होतात. कंपनीच्या भाषेत हा गैरवापर. पाहणाऱ्यांच्या भाषेत ही वर्गणीच. मराठीने ‘सबस्क्रिप्शन’साठी जो शब्द योजला तोच गणेशोत्सव मंडळालाही चालतो, आणि ‘सर्वांनी मिळून भरायचे पैसे’ हा अर्थ त्यात आधीपासून मुरलेला आहे.

आजचा धागा या दरवाढीच्या इतिहासाविषयी आहे. करमणुकीच्या दरावरून होणारा वाद वरवर पैशाचा दिसतो. कागदपत्रे आणि कायदे नीट वाचत गेले की तो मोजमापाचा वाद असल्याचे ध्यानात येते. पैसे घ्यायचे ते कशामागे? माणसामागे, घरामागे, संचामागे, तारेमागे की पडद्यामागे? विकणारा हे माप शक्य तितके लहान करू पाहतो आणि पाहणारा ते शक्य तितके मोठे करतो. गेली शंभर वर्षे हीच ओढाताण चालू आहे.

सुरुवात मुंबईपासून करू. २३ जुलै १९२७ रोजी ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’चे मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले; पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचे. कंपनी खासगी होती आणि तिचे मुख्य उत्पन्न ठरलेले होते. रेडिओसंच बाळगणाऱ्याने वर्षाला १० रुपयांचा परवाना काढायचा आणि त्यातले ८ रुपये कंपनीला मिळायचे. माप होते संच. त्याभोवती एक माणूस बसतो की पन्नास, याच्याशी परवान्याला देणेघेणे नव्हते.

हे गणित इंग्लंडच्या नमुन्यावर बेतलेले होते. तिथेही दहा शिलिंगांचा वार्षिक परवाना होता आणि १९२६ अखेरपर्यंत अशा परवान्यांची संख्या २० लाखांवर गेली होती. इकडे १९२९ संपले तरी साऱ्या हिंदुस्थानात परवाने आठ हजारही भरले नाहीत. केंद्रे दुबळी, संच महाग, कार्यक्रम मोजक्या शहरी श्रोत्यांसाठी, हे सारे खरे. पण ज्यांच्याकडे संच होते त्यांपैकीही अनेकांनी परवाना काढलाच नव्हता. सुटे भाग आणून घरी संच जुळवायचा आणि गुपचूप ऐकायचे, ही त्या काळची ‘पासवर्ड’गिरी म्हणता येईल. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली.

सरकारने केंद्रे ताब्यात घेतली, ऑक्टोबर १९३१ मध्ये ती बंद करण्याचे ठरवले आणि लोकांनी ओरड केल्यावर पुढच्या महिन्यात निर्णय फिरवला. पैसा उभा करण्यासाठी १९३२ मध्ये आयात संचांवरील जकात २५ टक्क्यांवरून ५० टक्के केली. संच महाग झाले की श्रोते घटतील, हा साधा तर्क इथे चुकला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बीबीसीची साम्राज्यसेवा सुरू झाली आणि ऐकण्याजोगे काही मिळू लागल्यावर परवाने वाढले. पुढे १९३३ च्या वायरलेस कायद्याने विनापरवाना संच बाळगणे हाच गुन्हा ठरला. तो १ जानेवारी १९३४ पासून लागू झाला. १९३३ अखेर सुमारे ११ हजार असलेले परवाने वर्षभरात १६ हजारांवर गेले. यातले किती कायद्याच्या धाकाने आणि किती कार्यक्रमांच्या ओढीने, हे वेगळे करणे कठीण आहे. मला स्वतःला दुसरे कारण अधिक वजनाचे वाटते, कारण परवाने वाढू लागले ते कायदा येण्याच्या आधीपासून.

घाटंजी तेव्हा या साऱ्यापासून दूर होते. यवतमाळ जिल्हा मुंबई इलाख्यात नव्हता, तो वऱ्हाडात. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, कारभार इंग्रजांचा आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेले. मुंबईच्या त्या लहान केंद्राच्या लहरी इथवर येण्याची शक्यता नव्हती. जवळचे नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाले ते थेट १६ जुलै १९४८ रोजी.

त्यानंतर मात्र ‘एक संच, अनेक कान’ ही गोष्ट सरकारनेच धोरण म्हणून उचलली. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून ‘रेडिओ ग्रामीण मंच’ चालवला गेला. पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत लोक एका संचाभोवती बसून शेतीचे कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. आजच्या भाषेत सांगायचे तर एका ‘सबस्क्रिप्शन’वर सारे गाव, आणि तेही शासनाच्या आशीर्वादाने! घरगुती संचांसाठी पोस्टात जाऊन परवान्याचे पुस्तक दरवर्षी नवे करून आणण्याची पद्धत पुढेही बरीच वर्षे चालली. दूरचित्रवाणी आल्यावर तिचाही परवाना आला. १९८० च्या दशकाच्या मध्यास हे परवाने रद्द झाले आणि लवकरच ‘रामायण’ सुरू झाले (२५ जानेवारी १९८७). रविवारी सकाळी ज्या घरी टीव्ही त्या घरी अर्धी आळी. माप पुन्हा मोठे झाले.

चित्रपटाची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिथे माप माणूस. तिकीट माणशी, म्हणून करही माणशी. मुंबई इलाख्यात करमणूक शुल्काचा कायदा १९२३ साली झाला. घाटंजीला तो लागू नव्हता. इथे आला ‘मध्य प्रांत व वऱ्हाड करमणूक शुल्क अधिनियम, १९३६’. (आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाविषयी वाचताना ही अडचण नेहमी येते. ‘महाराष्ट्रात अमुक साली कायदा झाला’ असे वाक्य वाचले की आधी विचारावे, कोणत्या महाराष्ट्रात? वऱ्हाड मुंबई राज्यात आले १९५६ ला.)

कर देणारा प्रेक्षक, पण तो गोळा करून भरायचा थिएटरवाल्याने. ही रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे केबलच्या काळात तीच पुन्हा दिसते. महायुद्धानंतर प्रांताप्रांतांनी हे दर वाढवत नेले, तेव्हा ३० जून १९४९ रोजी देशभरातील चित्रपटगृहे एक दिवस बंद राहिली. पाठोपाठ स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली गेली आणि तिने १९५१ मध्ये अहवाल दिला. प्रेक्षकाचा संप मात्र कुठे दिसत नाही. दर वाढला की तो खुर्चीवरून बाकावर आणि बाकावरून जमिनीवर सरकतो. जत्रेतल्या तंबू थिएटरात ही उतरंड डोळ्यांनी दिसे. पडद्याजवळ जमिनीवरचे स्वस्त तिकीट, मागे खुर्च्या, आणि मांडीवरचे मूल मोजायचे की नाही यावर दारातच वाद. मांडीवरचे मूल ही माणशी मापाला दिलेली सर्वांत जुनी बगल असावी.

मराठी प्रेक्षकाच्या बाबतीत एक वेगळीच घटना घडली. १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मराठी चित्रपटांसाठी करपरतावा योजना आणली. प्रेक्षकाने तिकिटासोबत भरलेला कर निर्मात्याला पुढच्या मराठी चित्रपटासाठी परत मिळू लागला. म्हणजे पुढल्या चित्रपटाच्या भांडवलात आजच्या प्रेक्षकाची वर्गणी जमा होत गेली, फक्त त्याला कुणी विचारले नव्हते. या योजनेवर मराठीत आणखी लिहिले जायला हवे.

मग आला व्हिडिओ. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर. विदर्भातल्या गावांत ‘व्हिडिओ आणणे’ हा एक सामुदायिक कार्यक्रमच झाला. टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने, तीन चित्रपटांच्या कॅसेटी, गल्लीतून गोळा केलेली वर्गणी आणि पहाटेपर्यंत जागरण. कॅसेटवर छापलेले असे की हे केवळ घरगुती खासगी प्रदर्शनासाठी आहे. आता खळ्यात बसलेली साठ माणसे ‘घर’ की ‘थिएटर’? कायद्याचे उत्तर स्पष्ट होते आणि गावाचेही स्पष्ट होते. दोन्ही उत्तरे वेगळी होती एवढेच. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन अनधिकृत कॅसेटींसाठी शिक्षा वाढवली गेली. १९८६ साली मुंबईच्या चित्रपटउद्योगाने राज्याच्या करांविरुद्ध काम बंद ठेवले, त्या रागातही व्हिडिओचोरीची धास्ती मिसळलेली होती. आजच्या टेलिग्रामवरच्या चोरीबाबत २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान ३ लाखांचा दंड ठेवला आहे. शिक्षा वाढवण्याचा मार्ग चाळीस वर्षे तोच आहे, आणि खळ्यातली गर्दी प्रत्येक वेळी नव्या ठिकाणी बसते.

केबल हा या इतिहासातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग. १९९१ च्या आखाती युद्धाने उपग्रह वाहिन्यांची गोडी लावली, त्याच वर्षी स्टार आला, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी. एखाद्याच्या गच्चीवर मोठी डिश, तिथून विजेच्या खांबांवरून आणि कडुलिंबाच्या फांद्यांवरून गेलेली तार, आणि महिन्याकाठी दारात येणारा केबलवाला. कायदा आला तो नंतर, १९९५ मध्ये. माप झाले तार. पण तार विभागता येते! एका जोडणीतून भिंतीपलीकडच्या भावाच्या घरात दुसरी. आणि जशी प्रेक्षकाने तार विभागली तशी केबलवाल्यानेही आकडेवारी विभागली. वाहिन्यांना आणि सरकारला सांगितलेल्या जोडण्या कमी, प्रत्यक्षात जास्त. वाहिन्यांनी यावर उपाय काढला तो दर वाढवण्याचा. जेवढ्या जोडण्या लपवता तेवढे अधिक पैसे उरलेल्यांमागे द्या, असा तो हिशेब. वाढीचा आगडोंब इतका झाला की ‘ट्राय’ने २००४ मध्ये केबलचे दर २६ डिसेंबर २००३ च्या पातळीवर गोठवले.

लपवाछपवी संपवण्याचा मार्ग म्हणून सेट-टॉप बॉक्स आला. मोठ्या शहरांपासून सुरू झालेले डिजिटायझेशन शेवटच्या टप्प्यात मार्च २०१७ पर्यंत लहान शहरे आणि खेड्यांपर्यंत पोचले. आता प्रत्येक संच मोजता येऊ लागला. त्यानंतर १ फेब्रुवारी २०१९ रोजी ट्रायची नवी दररचना लागू झाली. १०० वाहिन्यांपर्यंत १३० रुपये जोडणीशुल्क, करासह १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यावर प्रत्येक सशुल्क वाहिनीचा स्वतंत्र दर. पॅकमध्ये असलेल्या वाहिनीला कमाल १९ रुपये. तत्त्व उत्तम होते: जे पाहाल त्याचेच पैसे द्या. क्रिसिलने तेव्हाच इशारा दिला होता की लोकप्रिय दहा वाहिन्या घेणाऱ्याचे बिल २३०-२४० वरून ३०० च्या आसपास जाईल.

घराघरांतली ओढाताण इथे उघडी पडली. सासूबाईंची मालिका मराठी वाहिनीवर, मुलांचे कार्टून दुसऱ्या पॅकमध्ये, क्रिकेट तिसऱ्यात. पूर्वी एका ठोक रकमेत सामावणाऱ्या आवडीनिवडी आता रुपयांत वेगळ्या दिसू लागल्या. जिथे बिल वाढले तिथे काटछाट कुणाच्या वाहिनीवर झाली, याचा अभ्यास कुणी केला तर मराठी कुटुंबाविषयी बरेच कळेल. आणि एकाच घरात दोन टीव्ही असले तर? जोडणीशुल्क दोनदा! लोकांनी तक्रारी केल्या, तेव्हा २०२० च्या दुरुस्तीत ट्रायला सांगावे लागले की त्याच घरातल्या दुसऱ्या संचामागे ४० टक्क्यांहून अधिक जोडणीशुल्क घेता येणार नाही. त्याच दुरुस्तीत १३० रुपयांतल्या वाहिन्याही १०० वरून २०० झाल्या. ‘घर’ हे माप नियामकाने परत आणले ते असे.

प्रेक्षकाचे खरे उत्तर मात्र छपरावर दिसते. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची डिश, आजचे ‘डीडी फ्री डिश’: एकदा छत्री आणि बॉक्स घ्यायचा, मग महिन्याला काहीही नाही. या क्षेत्राच्या अंदाजांनुसार ती चार कोटींहून अधिक घरांत आहे. मार्च २०१९ मध्ये मोठ्या प्रसारणसमूहांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या तिथून काढून घेतल्या, पैसे देणारा प्रेक्षक परत यावा म्हणून. वर्षभराने त्या पुन्हा त्याच छत्रीवर आल्या, कारण प्रेक्षक परतला नव्हता आणि जाहिरातदारांना तो हवा होता. दरवाढीला भारतीय प्रेक्षकाने दिलेले सर्वांत मोठे उत्तर कोणते, असे मला विचारले तर मी ही छत्री दाखवीन.

ओटीटीचा काळ तुम्हा सर्वांच्या आठवणीतला, म्हणून भरभर जातो. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये ५०० रुपये महिना या दराने आले आणि बराच काळ महानगरांपुरते राहिले. जुलै २०१९ मध्ये त्याने १९९ रुपयांची केवळ मोबाईलवर चालणारी योजना काढली. मापांच्या इतिहासात हा मोठा टप्पा आहे. एका हातातला एक पडदा, याहून लहान माप आजवर कुणी विकले नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये तर मौज झाली. १४ तारखेला अ‍ॅमेझॉन प्राइमची वार्षिक वर्गणी ९९९ वरून १४९९ झाली आणि त्याच दिवशी नेटफ्लिक्सने दर उतरवले, मोबाईल योजना १४९ वर आणली. एकाला ग्राहक पुरेसे मिळाले होते, दुसऱ्याला मिळत नव्हते.

दर न वाढताही वर्गणीदार जातात, हे हॉटस्टारने दाखवले. आयपीएलचे २०२३ ते २७ चे डिजिटल हक्क व्हायकॉम१८ ने सुमारे २३,७५८ कोटींना घेतले आणि २०२३ चा हंगाम जिओसिनेमावर फुकट दाखवला. डिस्ने+ हॉटस्टारचे ६ कोटी १३ लाख वर्गणीदार वर्षभरात ३ कोटी ७६ लाखांवर आले. मग १४ फेब्रुवारी २०२५ रोजी दोन्ही मिळून जिओहॉटस्टार झाले आणि सामने पुन्हा वर्गणीमागे गेले.

इथे घाटंजीकडे वळतो. ज्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत शेतकरी आत्महत्यांच्या बातमीत येते, तिथे ओटीटीच्या दराची चर्चा कुणाला चैनीची वाटेल. पण आज पडद्याची किंमत वेगळी भरली जात नाही, ती रिचार्जमध्ये मिसळलेली असते. ज्या डेटावर मालिका चालते त्याच डेटावर ई-पीक पाहणीचे अ‍ॅप चालते, मुलांचा अभ्यास चालतो. जुलै २०२४ मध्ये जिओचा २३९ रुपयांचा रिचार्ज २९९ झाला. मुदत २८ दिवस, म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज! वर्षाचा फरक ७८० रुपये. (या २८ दिवसांच्या महिन्याविरुद्ध तक्रारी वाढल्यावर ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांची योजना ठेवायला लावली.)

कापसाच्या मुलखात पैसा महिन्याने येत नाही. तो दसरा-दिवाळीनंतर वेचणी होऊन कापूस विकला की येतो आणि उन्हाळ्यापर्यंत आटतो. मासिक हप्ता हे पगारदाराचे कॅलेंडर आहे. खरिपावर जगणाऱ्याला ते तंतोतंत लागू होत नाही. म्हणून इथली वर्गणी सलग नसते. सामन्यांचा हंगाम आला की घ्यायची, संपला की सोडायची, पेरणीच्या दिवसांत रिचार्जही लांबवायचा. कंपन्यांच्या तक्त्यात हा ‘गळती’चा आकडा ठरतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते फक्त हंगामी खर्चाचे शहाणपण आहे.

जुलै २०२४ च्या वाढीनंतर एकाच महिन्यात बीएसएनएलला सुमारे २९ लाख ग्राहक मिळाले. नोव्हेंबरपर्यंत तिचे ग्राहक पुन्हा घटू लागले, कारण स्वस्त सिमला वेगवान जाळे नव्हते. १९३२ च्या रेडिओची आठवण यावी असे हे आहे. तेव्हा दर वाढूनही लोक आले, इथे दर कमी असूनही थांबले नाहीत. ऐकण्या-पाहण्याजोगे काय मिळते, हे दोन्ही वेळी वजनदार ठरले.

आणि मापाची ओढाताण अजून चालूच आहे. २० जुलै २०२३ पासून नेटफ्लिक्सने भारतात जाहीर केले की एक खाते एकाच घरासाठी. त्यात घराची व्याख्या एका छताखालची. पुण्यात शिकणारी मुलगी आणि घाटंजीतले आईबाप हे या व्याख्येत एक घर नाहीत. शिधापत्रिकेवर ते अजून एकच कुटुंब आहे. जानेवारी २०२५ पासून प्राइम व्हिडिओने पाच उपकरणांची मर्यादा घातली आणि त्यांत टीव्ही फक्त दोन. जून २०२५ पासून वर्गणी भरणाऱ्यालाही जाहिराती दिसू लागल्या. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये.

मित्रहो, आता एक विनंती. घरातल्या जुन्या ट्रंकेत रेडिओ परवान्याचे पुस्तक असेल तर त्याचे छायाचित्र खाली टाका. पोस्टाचा शिक्का आणि साल दिसेल असे घ्या. आणि आजी-आजोबांना एवढे जरूर विचारा: व्हिडिओच्या रात्री तुमच्या गल्लीत वर्गणी माणशी घेत की घरटी?